कांताबाईची पात

बटण दाबलं, कॅमेरा खटकन वाजला आणि बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, साऱ्या बायका एकदम ताठ उभ्या राहिल्या. कुणी पदर सारखा केला, कुणी कोपरानं नाकावरचा चिखल पुसला. कमलाबाईनं तर हातातली धानाच्या रोपांची पेंढी छातीशी धरली, जणू तिला बक्षीस मिळालंय.

"उभं नाई राहाचं," मी धुऱ्यावरून, कडेच्या बांधावरून ओरडले. "वाका. काम करा. मी इथी नाईच असं समजा."

"तोंड नाई दिसन तं थो फोटो काय कामाचा व?" कांताबाई म्हणाली. "आमी काय बदकं हाओ?"

"अवो, एकच फोटो नाई काढाचा. दिवसभर काढाचे हाय."

"मंग दिवसभर उभ्या राहू. पत्रू, उभं राह्याची मजुरी देशीन ना?"

पत्रूभाऊ म्हणजे या रोवणीच्या टोळीचा ठेकेदार. धुऱ्यावर छत्री घेऊन बसला होता. तो कांताबाईला सोडून माझ्याकडे पाहून म्हणाला, "जोया, तुया बापानं माह्या घराचं गेट चांगलं करून देल्लं म्हणून मी हो म्हणलं. पन दुपारपर्यंत अर्धी बांधी नाई झाली तं तुले बी चिखलात उतरवीन."

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सगळ्या उभ्या. आता तर खुशबूही उभी राहिली, आणि खुशबू माझ्या वर्गातली, दहावी ब. तिला मी आदल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. ती दात काढून हसत होती.

तर हे सगळं सुरू झालं ते माझ्या रईसमामूमुळे. मामूचा ब्रह्मपुरीला कॉम्प्युटर क्लास आहे. त्यानं नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. जुना म्हणजे पेन्सिल सेलवर चालणारा, कोपऱ्यात चिरलेला, पण माझा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामूकडे टीव्हीवर मी एक फूल उमलताना पाहिलं. कळीचं फूल व्हायला रात्र जाते, आणि इथं ते डोळ्यांदेखत हात पसरल्यासारखं उघडलं. मी मामूच्या मागे लागले. तो म्हणाला, "जादू नाई बेटा. कॅमेरा एका जागी ठेवाचा, हलवाचा नाई. थोड्या थोड्या वेळानं फोटो काढाचा. मंग कॉम्प्युटरमधी सगळे एकामागून एक पळवाचे. त्याले टाइमलॅप्स म्हणते."

मला वाटलं, फुलं काय, कुणीही उमलवेल. आपल्या आरमोरीला काय उमलतं? रोवणीच्या दिवसांत आमच्या वर्गातले अर्धे बाक रिकामे असतात, कारण अर्धा वर्ग चिखलात असतो. सकाळी बांधी नुसती तपकिरी असते, पाण्यात आभाळ दिसतं. संध्याकाळी ती हिरवी झालेली असते. एका दिवसात. मी ठरवून टाकलं.

अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांना म्हटलं, कॅमेऱ्याला स्टँड हवा, हलता कामा नये. अब्बा कुठलंही काम कच्चं करत नाहीत. त्यांनी अँगलचं तीन पायांचं असं काही बनवलं की ते धुऱ्यावर आणायला मालवाहू सायकल लागली. कॅमेरा तळहाताएवढा आणि स्टँड पाण्याच्या टाकीचा. "आंधी आली तरी नाई हलन," अब्बा म्हणाले. आंधी आली नाही, पण पुढे दिवसभरात मी चारदा सेल बदलले, कार्ड काढलं, घातलं, आणि कॅमेरा खरंच केसभरही सरकला नाही.

बायकांच्या उभं राहण्यावर तोडगा शेवटी कांताबाईनंच काढला. "तू थे खटखट बंद कर. कधी काढते थे आमाले समजूच देऊ नोको." मी कॅमेऱ्याची सगळी बटणं धुंडाळली आणि आवाज बंद करायची जागा सापडली. मग मी मनात वीसपर्यंत म्हणायची, बटण दाबायची, पुन्हा वीसपर्यंत. पहिल्यांदा त्या सारख्या तिरप्या डोळ्यांनी पाहत होत्या. तासाभरात मला विसरल्या. धुऱ्यावर एखादी बकरी बांधलेली असावी, तसं माझं झालं.

रोवणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बायका एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. प्रत्येकीच्या समोर तिच्या हाताच्या टप्प्यातला जो पट्टा असतो ती तिची पात. सगळ्यांनी बरोबरीनं मागं यायचं. एक मागे पडली की तिची पात सगळ्यांच्या डोळ्यांत येते, हिरव्यात घुसलेल्या तपकिरी खिळ्यासारखी.

मधोमध कांताबाईची पात. तिच्या डाव्या हाताला कमलाबाई, उजव्या हाताला कमलाबाईची मुलगी खुशबू. टोळीतल्या निम्म्या बायकांना रोवणं कांताबाईनंच शिकवलेलं. नवी नवरी आली की तिला कांताबाईच्या शेजारी उभी करायची, असा रिवाज. उन्हाळ्यात ती विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायला जाते, त्याच्या आधी मोहाची फुलं वेचते, दिवाळीच्या आसपास कापणीला. एक मुलगी आहे, ती सिरोंच्याकडे, आंध्रच्या हद्दीजवळ दिलेली. तिकडून वर्षाकाठी एकदा येते आणि आईशी अर्धं तेलुगू बोलते, त्यावरून कांताबाई तिची नक्कल करते. इतकंच तिचं सगळं. पण टोळीत बोलणं तिचं असतं. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा नवरा कुठल्या नाटकाच्या मंडपात झोपला, हे ती वाकल्या वाकल्या सांगते आणि ओळ हसत हसत मागं येते.

मागच्या वर्षी चिकनगुनिया आला. अख्खी आरमोरी खाटेवर होती, आमच्या घरात अब्बा सोडून सगळे. बाकीचे उठले. कांताबाईही उठली, पण तिच्या बोटांचे सांधे सुजलेले ते तसेच राहिले. यंदा रोवणीच्या आधी पत्रूभाऊनं तिला म्हटलं होतं, औंदा आराम कर. तेव्हा ती त्याला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ज्या दिवशी माही पात मागं राह्यली त्या दिवशी सांग. लाइनीत नाई दिसनार मी तुले." हे मला खुशबूनं सांगितलं होतं. साऱ्या टोळीला ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत कांताबाई माझ्या शेजारी येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडायला तिला वेळ लागत होता. मी पाहते आहे असं दिसलं तेव्हा तिनं भाकर पदरावर ठेवली.

"जोया, त्या पिक्चरमधी माही पात दिसन ना?"

"मधातच आहे तुम्ही. सगळ्यांत चांगल्या दिसाल."

"चांगलं नाई म्हनत मी. पात म्हनतो." तिनं आवाज चढवला. "पत्रू, हे पोरगी पिक्चर बनवून राह्यली. त्याच्यात पाहून घेजो. कांता कुठी मागं राह्यली थे बोट ठेवून दाखवजो मले."

"पाहीन ना," पत्रूभाऊ म्हणाला. "त्याच्यासाठी तं बसवली तिले इथी."

"मंग? कॅमेरा काय माहा जावई हाय, माही बाजू घेनारा?"

सगळ्या हसल्या. कमलाबाई हसली नाही, ती पाणी आणायला उठून गेली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मी माझ्याच आनंदात होते. आभाळ जातंय-येतंय, उजेड सारखा बदलतोय, फोटो एक उजळ तर दुसरा काळा येणार, याची मला काळजी.

ती काळजी खरी निघाली. रविवारी मामूच्या क्लासमध्ये सगळे फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि पळवले, तर बांधी दिव्यासारखी लुकलुकत होती. मामूकडे एका मासिकासोबत फुकट आलेली सीडी होती, तिच्यात फोटो सुधारायचा साधा प्रोग्राम. मोठ्या स्टुडिओवाल्यांकडे असतो तसला महागडा नव्हे, पण उजेड कमी-जास्त करता येत होता. मी काळे फोटो थोडे उजळ केले, उजळ फोटो थोडे उतरवले, नमाजपासून जेवणापर्यंत नुसतं तेच. मग कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेल्या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये ते ओळीनं लावले आणि चालू केलं.

मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. चिखलावर कुणीतरी हिरवी चादर ओढत नेत होतं. ढग पाण्यात सुळकन पळत होते. बायका मुंग्यांसारख्या थरथरत मागं येत होत्या आणि ओळ सुतात होती. मामूनं क्लासच्या पोरांना बोलावून दाखवलं. "हे माह्या भाचीनं केलं," असं त्यानं तीनदा सांगितलं. मी नाही नाही म्हणत होते आणि आणखी एकदा लावत होते.

असं पाच-सहा वेळा लावल्यावर माझं लक्ष मधल्या पातीवर गेलं.

कांताबाई वाकलेली होती. तिचा हात पाण्यात जायचा, वर यायचा, पुन्हा जायचा. पण तिच्या पातीत तिच्याशिवाय आणखी हात होते. डावीकडून एक यायचा, रोप खोचून जायचा. उजवीकडून एक यायचा. बांधीवर पाहिलं असतं तर ते कुणालाही दिसलं नसतं, मी तर दिवसभर तिथंच बसले होते. पण पळत्या फोटोंत ते हात लपत नव्हते, जणू दोन बगळे आळीपाळीनं चोच मारत होते. कमलाबाई आणि खुशबू. कांताबाईच्या वाट्याला मधला वीतभर पट्टा तेवढा उरत होता, आणि तोही तिला कसाबसा पुरा होत होता.

मी शेवटच्या बसनं आरमोरीला आले ती सरळ खुशबूच्या घरी. ती अंगणात पायाला तेल लावत बसली होती, चिखलानं तिच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या.

"तुमी कांताबाईची पात रोवता," मी म्हटलं.

तिनं आधी घराकडे पाहिलं. "तुले दिसलं का?"

"पिक्चरमध्ये दिसतं. चक्क दिसतं."

"आई," खुशबूनं हाक मारली. "बाहेर ये वो. झालं वाटोळं."

कमलाबाई बाहेर आली. ऐकून घेतलं आणि ओट्यावर बसली. "मागच्या सालापासून करून राह्यलो. तिले नाई मालूम. खाली मुंडी घालून रोवते, पात पुरी झाली एवढं समजते तिले."

"तुम्ही दोघी स्वतःची पात रोवून वर तिची रोवता?"

"ही पोटात होती तवा माह्या पातीत कोनाचा हात होता? पत्रूच्या बापाच्या टोळीत होतो आमी. त्याले पत्ताच नाई लागू देल्ला तिनं." कमलाबाईनं माझा हात धरला. "बेटा, थे पिक्चर पत्रूले नोको दाखवू. सांग, मशीन बिघडली."

मशीन बिघडली असं सांगणं सोपं होतं. पण कांताबाई रोज रस्त्यात मला विचारत होती, झाला का पिक्चर. पत्रूभाऊनं अब्बांना दुकानात विचारलं होतं. मी दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून पुन्हा ब्रह्मपुरीला गेले, अम्मीला सांगितलं की मामूनं बोलावलंय. आधी मी फोटोची मधली बाजू कापून पाहिली. तेव्हा हात गेले, पण कांताबाईपण गेली. उरली ती अर्धी टोळी. जिनं सगळ्यांत जास्त वाट पाहिली तिलाच कशी काढू? मग सुचलं. मी दर दहा फोटोंतला एक ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. ठेवतानाही पाहून ठेवला, जिथं शेजारचे हात आपापल्या जागी आहेत असा. पिक्चर छोटा झाला, बायका जरा उड्या मारत मागं येत होत्या. पण चादर तशीच पसरत होती, कांताबाई मधोमध होती आणि तिच्या पातीत फक्त तीच.

"पह्यला तं चांगला होता," मामू म्हणाला.

"दोन्ही लिहून दे सीडीवर," मी म्हटलं. पहिला पुसून टाकवेना. तो मी बनवलेला होता.

शुक्रवारी टोळीला सुट्टी होती. सगळ्या आमच्या घरी आल्या. अम्मीनं चटई टाकली, चहा ठेवला, अब्बांनी टीव्हीवरचं झाकण काढलं. पत्रूभाऊ खुर्चीवर, बाकीच्या खाली. मी सीडी लावली.

बायका स्वतःला ओळखत हसत होत्या. "थे पाह्य, मी." "तू काय, थे तं माही पाठ." कुणीतरी म्हणालं, सरकारनं अशी रोवणी काढली तं दोन दिवसात अख्खी आरमोरी रोवून होईन. खुशबू माझ्याकडे पाहत नव्हती आणि मी तिच्याकडे. पत्रूभाऊ पुढे वाकून मधली पात पाहत होता. संपल्यावर त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं.

"लाइन सरळ हाय," तो म्हणाला.

"मंग?" कांताबाई.

"मंग काय. रोव."

एवढंच. कांताबाईनं बशीतला चहा एका घोटात संपवला. कमलाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला वाटलं, जगात आपल्याला न येणारं असं काही उरलेलं नाही.

सगळ्या गेल्या. कांताबाई चटईची घडी घालत मागे राहिली.

"जोया, तू दिवसभर बसली होती. एवढासाच काऊन पिक्चर?"

"थोडे फोटो खराब निघाले."

"अच्छा." तिनं चटई भिंतीला लावली. "मले एक गोष्ट सांग. माहे हात मले मालूम हाय. सकायी दहा रोपं लावतो तं बोटं आखडते. मंग माही पात पुरी कसी होते? मी विचार करतो, करतो, आन मंग विचार करत नाई." ती टीव्हीसमोर बसली. "पुरा दाखव."

अम्मीला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं, तिनं मला डोळ्यांनी नको म्हटलं. पण कांताबाई माझ्याकडे पाहत नव्हती, बंद टीव्हीकडे पाहत होती. तिचा पिक्चर तिनं मागितला होता. मी दुसरा लावला.

ती काचेच्या अगदी जवळ सरकली. मग बोट ठेवलं. "हा कमलीचा. चुडा दिसून राह्यला." थोड्या वेळानं, "हा पोरीचा. लंबा हाय हात." आणि मग नुसतं बोट इकडून तिकडे फिरत राहिलं, हातांच्या मागे मागे. मी बंद करायला गेले तर तिनं मनगट धरलं. शेवटपर्यंत पाहिलं.

"मागच्या हप्त्यात कमली म्हणे कंबर दुखते," ती म्हणाली. "मी म्हणलं, तरनी बाई, नखरे करून राह्यली. सगळ्या हासल्या." ती उठली. दारात चपला घालताना अम्मीला म्हणाली, "चहा चांगला झाला होता, आबिदाबाई."

रात्री मी अब्बांना सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "स्टँड तं हालला नाई ना?" अब्बांना दुसरं काय सुचणार.

दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या घरामागच्या लहान बांधीवर आली. मी कॅमेरा न घेताच गेले. बायका चिखलात उतरल्या, ओळ लागली. कमलाबाई आणि खुशबूच्या मधे जागा होती. कांताबाई धुऱ्यावर उभी.

"या ना वो," कमलाबाई म्हणाली. "जागा ठेवली."

कांताबाईनं लुगडं खोचलं आणि पेंढ्यांच्या ढिगाकडे गेली. पेंढ्या एरवी धुऱ्यावरून चिखलात फेकतात, बायका वाकून उचलतात. तिनं दोन्ही काखांत पेंढ्या घेतल्या, चिखलात उतरली आणि एकेकीच्या हातात देत चालली.

"कांताबाई," पत्रूभाऊ म्हणाला, "मी तं तुले काई म्हणलं नाई."

"तू काय म्हणशीन? तुले समजते काय?"

ती कमलाबाईपाशी आली. पेंढी तिच्या हातात ठेवली, आणि हात लगेच सोडला नाही.

"आपल्या पातीत राह्य आता," ती म्हणाली.

कमलाबाईनं मान खाली घातली. खुशबूनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. ओळ रोवू लागली. मधल्या जागेत कुणी सरकलं नाही. पत्रूभाऊ धुऱ्यावरून त्या जागेपर्यंत आला आणि तसाच परत फिरला. दुपारपर्यंत बांधीच्या दोन्ही अंगांना हिरवं झालं आणि मधोमध तो पट्टा तसाच राहिला, मातकट, आभाळ दाखवणारा.

बाकीची बांधी संपली. बायका धुऱ्यावर आल्या, पाय धुतले. तेव्हा कांताबाईनं उरलेल्या पेंढ्या घेतल्या आणि त्या पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली. एक रोप खोचलं. बोटं उघडायला वेळ लागला. दुसरं खोचलं. कमलाबाई अर्धी उठली.

"बस तू," कांताबाई वर न पाहता म्हणाली.

कमलाबाई बसली. सगळ्या ओल्या पायांनी ओळीत बसून राहिल्या. घरी चूल पेटवायची होती, जनावरं होती, पण कुणी उठलं नाही. पत्रूभाऊनं छत्री मिटली आणि तोही बसला. रोवणारी मागं मागं येते, त्यामुळे आम्हाला कांताबाईची पाठ तेवढी दिसत होती. ती फार हळू जवळ येत होती.